सौर घरातला जनरेटर: कधी सुरू करायचा, किती भार द्यायचा, कधी बंद करायचा

ज्या घराला बाहेरून वीजजोड नाही, सगळी मदार पॅनेल आणि बॅटरीवर आहे, तिथे ढगाळ दिवसांसाठी जनरेटर ठेवतातच. चुकतं ते त्याच्या वापरात. संध्याकाळी इन्व्हर्टर ओरडायला लागला की घाईघाईने जनरेटर सुरू करायचा, त्यावर दिवे-पंखे चालवायचे, झोपताना बंद करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाकी रिकामी होत राहते आणि बॅटरी मात्र उपाशीच राहते.

अशा घरात जनरेटरचं काम दिवे लावणं नाही, बॅटरी भरणं हे आहे. तो थोडा वेळ, पण भरपूर भारावर चालवायचा आणि उरलेलं काम उन्हावर सोपवायचं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. पहिले चार टप्पे ऊन असताना, बॅटरी भरलेली असतानाच उरकून ठेवा. अंधारात टॉर्च धरून करण्यातली ती कामं नाहीत.

## टप्पा १: तीन आकडे कागदावर

पहिला आकडा, घराचा रोजचा वापर किती युनिट. उपकरणांच्या बेरजेत इन्व्हर्टरचा स्वतःचा खप हमखास विसरला जातो. नुसता चालू असलेला इन्व्हर्टर ४० वॅट खात असेल, तर २४ तासांत जवळपास १ युनिट गेलं.

दुसरा आकडा, बॅटरीतून खरोखर वापरता येणारी वीज. ४८ व्होल्ट, ४०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांत कागदावर १९.२ युनिट असतात. त्यांचं आयुष्य टिकवायचं तर अर्ध्यापेक्षा जास्त उपसू नये, म्हणजे हाताशी साडेनऊ. लिथियममध्ये ८० टक्क्यांपर्यंत जाता येतं.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच कोणी काढत नाही: ढगाळ दिवशी पॅनेल किती देतात? पॅनेलवर छापलेल्या वॅटवरून हे कळत नाही. चार्ज कंट्रोलरमध्ये, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या यंत्रात, रोजच्या उत्पादनाची नोंद असते, त्यातले सर्वांत वाईट आठ-दहा दिवस काढा. आभाळ गच्च असेल तर लख्ख दिवसाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शावर समाधान मानावं लागतं.

समजा वापर ६ युनिट आणि ढगाळ दिवसाचं उत्पादन दीड युनिट आहे. रोजची तूट साडेचार युनिट. वरची बॅटरी दोन दिवस ती सोसेल, तिसऱ्या दिवशी जनरेटर लागणारच.

सावधान: जनरेटर फार लागतो म्हणून नुसत्या बॅटऱ्या वाढवू नका. बॅटरी वीज बनवत नाही. पॅनेल तेवढेच ठेवून बॅटरी दुप्पट केली, तर तिला पूर्ण भरायला जास्त दिवस लागतात आणि तो खड्डा भरायला शेवटी इंधनच जाळावं लागतं. पैसे घालायचेच असतील तर आधी पॅनेलमध्ये घाला. जास्तीचे पॅनेल ढगातूनही काहीतरी ओढून आणतात.

## टप्पा २: जनरेटर किती पितो ते स्वतः मोजा

माहितीपुस्तिकेतला आकडा नव्या इंजिनाचा आणि ठरावीक भारावरचा असतो. तुमचा आकडा काढायला एक सकाळ पुरते.

टाकी ओळखता येईल अशा खुणेपर्यंत भरा. ठरावीक भार लावून बरोबर एक तास चालवा. बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. मग मापाच्या भांड्याने त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. किती लिटर लागलं ते लिहा. हीच कसोटी एकदा हलक्या भारावर, साधारण पाव क्षमतेवर आणि एकदा तीन-चतुर्थांश क्षमतेवर करा.

भार पाव झाला म्हणून इंधन पाव होत नाही, हे यातून समजेल. इंजिनाला स्वतःला फिरवत ठेवायलाच बरंच इंधन लागतं. उदाहरणार्थ, ३ किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर २.३ किलोवॅटवर तासाला दीड लिटर आणि ०.८ किलोवॅटवर ०.८५ लिटर पीत असेल, तर पहिल्या बाबतीत एका युनिटला ०.६५ लिटर पडतं, दुसऱ्या बाबतीत १ लिटरहून जास्त.

क्षमता वाचतानाही फसगत होते. जनरेटरवर ५ केव्हीए लिहिलं असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर हाती ४ किलोवॅटच येतात. मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेकदा काही क्षणांपुरत्या कमाल भाराचा असतो, सलग चालवायचा आकडा त्याहून कमी असतो आणि आपल्याला तोच हवा. उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असते, तिथे दर ३०० मीटरमागे सुमारे ३ टक्के ताकद आणखी वजा करा.

## टप्पा ३: जागा आणि जोडणी

जनरेटर घराबाहेर, उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब. धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पाऊस लागू नये म्हणून वर छप्पर चालेल, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात.

जिवाशी खेळ नको: जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅरेज, व्हरांडा, जिन्याखालची जागा, अर्धवट बंद शेड यांतही तो काही मिनिटांत साचतो. दार उघडं ठेवल्याने धोका टळत नाही. झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. घरात कोणाला डोकेदुखी, मळमळ, गरगर सुरू झाली तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत या.

जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत हवं:

१. जनरेटरची तार इन्व्हर्टर-चार्जरच्या (बॅटरी भरण्याची सोय असलेल्या इन्व्हर्टरच्या) एसी इनपुटला, मध्ये योग्य मापाचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. इन्व्हर्टर बिघडला तर घर थेट जनरेटरवर घेता यावं म्हणून चेंजओव्हर स्विच. दोन्ही बाजूंना पिन असलेली तार करून घरातल्या सॉकेटमध्ये वीज ढकलणं कधीही नाही. उघडी पिन हातात आली तर माणूस जातो.

२. अर्थिंग आणि न्यूट्रल. सुटसुटीत जनरेटरमध्ये न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो. तो तसाच राहिला तर गळती झाल्यावर संरक्षक स्विच पडणार नाही. एका वेळी एकाच ठिकाणी न्यूट्रल-अर्थ जोड असावा. तो इन्व्हर्टरमध्ये आहे की जनरेटरकडे, हे विचारून घ्या आणि स्विचबोर्डवर लिहून ठेवा.

३. पॅनेलची वीज चार्ज कंट्रोलरमधून बॅटरीत न जाता वेगळ्या सौर इन्व्हर्टरमधून थेट घराच्या एसी वायरिंगमध्ये येत असेल, तर जनरेटर चालू असताना तो सौर इन्व्हर्टर वायरिंगपासून वेगळा करण्याची सोय हवी. नाहीतर ऊन निघाल्यावर जादा वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते. जनरेटर ती पचवू शकत नाही, व्होल्टेज चढतं आणि काहीतरी जळतं.

## टप्पा ४: चार्जरची सेटिंग

माझ्या मते सर्वांत जास्त इंधन इथे वाया जातं. चांगला जनरेटर, चांगली बॅटरी आणि मध्ये कारखान्यातून आली तशीच ठेवलेली सेटिंग. चार्जर बॅटरीच्या बाजूला १० अँपिअरवर अडकलेला, म्हणजे तीन किलोवॅटचं इंजिन अर्धा-पाऊण किलोवॅटसाठी आठ तास धडधडतंय.

इनपुटची मर्यादा, म्हणजे जनरेटरकडून किती करंट घ्यायचा, ते आधी ठरवा. जनरेटरच्या सलग क्षमतेच्या ७५ ते ८० टक्के. ३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर, तेव्हा मर्यादा १० अँपिअर ठेवा. घरात कोणी मिक्सर लावला तर चांगला इन्व्हर्टर-चार्जर तेवढ्यापुरतं चार्जिंग आपोआप कमी करतो. तुमच्या यंत्रात ही सोय नसेल, तर चार्जिंगचा करंट थोडा खालीच ठेवा.

मग चार्जिंगचा करंट. १० अँपिअर म्हणजे २,३०० वॅट. घराला ३०० गेले, चार्जरला २,००० उरले. त्यातले १०-१२ टक्के उष्णतेत जातात, म्हणजे ५४ व्होल्टच्या आसपास बॅटरीत साधारण ३३ अँपिअर. आता हे बॅटरीला झेपतं का पाहा. लेड-ॲसिडला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका करंट आरामात चालतो, म्हणजे ४०० अँपिअर-अवरला ४०. बऱ्याच बॅटऱ्यांना त्याहून जास्तही चालतो, पण वरची मर्यादा बॅटरीच्या कागदावरूनच घ्या. लिथियम बराच जास्त करंट घेते, तिथे अडचण जनरेटरच्या क्षमतेची असते. मात्र बॅटरीचं तापमान शून्य अंशाखाली गेलं असेल तर लिथियम चार्ज करू नका.

शेवटी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीची खिडकी, म्हणजे इन्व्हर्टर कुठपासून कुठपर्यंतची वीज स्वीकारतो ती मर्यादा. साधा जनरेटर मोकळा असताना ५२-५३ हर्ट्झवर धावतो आणि भाराखाली ५० च्या जवळ येतो. इन्व्हर्टरची खिडकी फार अरुंद असेल तर तो जनरेटरची वीज नाकारतो. ही सेटिंग 'यूपीएस' प्रकारावर असेल तर रुंद प्रकारावर न्या.

तपासणी: चार्जिंग सुरू झाल्यावर इन्व्हर्टर जनरेटरला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, असं होतंय का? इंजिनाचा आवाज खालीवर हिंदकळतोय का? तसं असेल तर इनपुटची मर्यादा २ अँपिअरने कमी करून पुन्हा पाहा. फरक पडला नाही, तर खिडकी किंवा इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर तपासावा लागेल.

## टप्पा ५: आज सुरू करायचा का?

दोन वेळा ठरवून घ्या, संध्याकाळी आणि पहाटे.

संध्याकाळी एकच प्रश्न: हातातली वीज सकाळपर्यंत पुरेल का? पुरत असेल तर सुरू करू नका. पुरत नसेल तर फक्त रात्र निभावेल एवढंच भरा. रात्री बॅटरी काठोकाठ भरून ठेवली आणि सकाळी कडक ऊन पडलं, तर पॅनेलची वीज ठेवायला जागाच उरत नाही. विकतचं इंधन जाळून फुकटचं ऊन परत पाठवल्यासारखं होतं.

पहाटे दुसरा प्रश्न: आज आभाळ कसं आहे? स्वच्छ असेल तर बॅटरी खाली असली तरी थांबा, नऊ-दहानंतर ती उचलेल. आभाळ भरलेलं असेल आणि बॅटरी ठरवलेल्या पातळीला टेकली असेल, तर हीच जनरेटरची वेळ. रिकामी बॅटरी करंट भराभर ओढते, इंजिनाला पूर्ण भार मिळतो. दोन-तीन तासांत मुख्य भरणा होतो आणि नंतरचा सावकाश भरणा दिवसभराच्या मंद उजेडात पॅनेल करत राहतात.

ती पातळी किती? लेड-ॲसिडला ५० टक्के, लिथियमला २०-३०. लेड-ॲसिडमध्ये काही तास भार आणि चार्जिंग दोन्ही नसताना ४८ व्होल्टच्या बँकेवर (बॅटऱ्यांच्या संचावर) ४८.५ च्या आसपास दिसलं तर ती अर्ध्यावर आहे असं समजा. पंप चालू असतानाचं व्होल्टेज पाहून ठरवू नका, ते खोटं खाली दिसतं. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं, तिथे शंटवाला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा बॅटरी मॉनिटरच हवा.

नेहमीची चूक: इन्व्हर्टर बंद पडेपर्यंत वाट पाहणं. तोवर लेड-ॲसिड बॅटरी खोल उपसली गेलेली असते. इंधन वाचवायच्या नादात असं वरचेवर केलं तर बॅटरी लवकर जाते.

## टप्पा ६: सुरू करण्याचा क्रम

१. ऑइलची पातळी पाहा. दर वेळी. लहान इंजिनं ऑइल संपल्यानेच जास्त मरतात.

२. इंधन आधीच भरून घ्या. चालू किंवा तापलेल्या इंजिनात कधीही ओतू नका, बंद केल्यावर १५ मिनिटं थांबा.

३. जनरेटरचा एमसीबी बंद असताना इंजिन सुरू करा. दोन-तीन मिनिटं मोकळं फिरू द्या, चोक पूर्ण मागे घ्या.

४. एमसीबी चालू करा. इन्व्हर्टरने वीज स्वीकारली आणि चार्जिंगचा करंट चढला, हे पडद्यावर डोळ्यांनी पाहा. इंजिन तासभर चाललं आणि एमसीबी बंदच राहिला होता, असं होतं, म्हणून सांगतोय.

५. आता घरातली जड कामं लावा: पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री. जनरेटरची वीज बॅटरीत घालून परत काढताना लेड-ॲसिडमध्ये चार्जर, बॅटरी, इन्व्हर्टर मिळून तिसऱ्या हिश्शाइतकी गळते. थेट वापरलेल्या युनिटला ही गळती नाही. एका वेळी एकच जड उपकरण, आणि पंपाच्या मोटरला सुरू होताना कितीतरी पट करंट लागतो हे धरून चला.

आधीचा हिशेब इथे पूर्ण होतो. साडेचार युनिटची तूट बॅटरीमार्फत भरायला जनरेटरने सुमारे ७ युनिट बनवायला हवेत. २.३ किलोवॅटवर हे तीन तासांत आणि साडेचार लिटरमध्ये होतं. ०.८ किलोवॅटवर जवळपास नऊ तास आणि सात लिटरहून जास्त. शिवाय इंजिनाचे सहा तास फुकट झिजले.

डिझेल जनरेटरला हलका भार आणखी वाईट. सतत ३० टक्क्यांखाली चालवला तर इंधन पूर्ण जळत नाही आणि धुराड्याला काळं, तेलकट ओघळ येतं. दिसलं तर समजा, भार वाढवायची वेळ आली.

## टप्पा ७: कधी थांबायचं

'बॅटरी फुल झाली की बंद' हा नियम लेड-ॲसिडला लावला की इंधन पाण्यासारखं जातं. अशी बॅटरी ८०-८५ टक्के भरली की व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचतं, ४८ व्होल्टच्या बँकेवर साधारण ५७-५८. तिथून करंट आपोआप घटत जातो. पुढचे पंधरा-वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात, इंजिन हलक्या भारावर घरघरत राहतं. म्हणून करंट सुरुवातीच्या निम्म्यावर आला की थांबा, बाकीचं पॅनेलवर सोडा.

लिथियमला पूर्ण भरण्याची रोज गरजच नसते. दोन दिवसांची तूट भागेल एवढं भरलं की बंद. मॉनिटरचा आकडा सरकत जातो, तो जुळवायला अधूनमधून १०० टक्के होऊ द्यावी, शक्यतो उन्हावर.

याला एक अपवाद आहे आणि तो पाळायलाच हवा. सलग आठ-दहा दिवस ढगाळ गेले आणि लेड-ॲसिड एकदाही पूर्ण भरली नाही, तर प्लेटवर सल्फेट बसून कडक होतं आणि क्षमता कायमची जाते. अशा वेळी एक दिवस जनरेटर लांबवून पूर्ण भरणा करा, इंधन वाया गेलं तरी. नव्या बॅटऱ्यांपुढे ते काहीच नाही. हा लांबलचक भरणा पॅनेल थोडंफार देत असतील अशा दिवशी, दुपार धरून करा.

बंद करताना आधी एमसीबी पाडा, तीन ते पाच मिनिटं मोकळं फिरू द्या, मग इंजिन थांबवा.

## टप्पा ८: आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर

आधी महिनाभर हाताने चालवा, आपल्या घराची चाल कळू द्या. मग सेटिंग करा. बहुतेक तक्रार एकाच कारणाची असते: व्होल्टेजवर ठेवलेली अट आणि काही सेकंदांचा विलंब. पंप सुरू झाला, व्होल्टेज क्षणभर डगमगलं आणि मध्यरात्री इंजिन जागं झालं. शक्य असेल तर टक्केवारीवर अट ठेवा. व्होल्टेजच असेल तर १५-३० मिनिटांचा विलंब द्या. थांबण्याची अटही द्या, नुसती सुरू होण्याची नको. किमान एक तास चालण्याची अट असू द्या.

सावधान: आपोआप सुरू होणाऱ्या इंजिनावर काम करताना यंत्रणा 'ऑफ' करा आणि स्टार्टरच्या बॅटरीची तार काढा. हात आत असताना ते फिरू शकतं.

## टप्पा ९: इंधनाचा साठा

किती ठेवायचं ते टप्पा १ आणि २ वरून निघतं: सर्वांत लांब ढगाळ पट्ट्यात जनरेटर किती दिवस लागतो, गुणिले दर दिवसाचे लिटर, वर एक दिवसाचं जास्तीचं. तुमच्याकडे साठ्याला कायद्याने मर्यादा असेल तर त्याच्या आतच.

पेट्रोल टिकत नाही. तीन महिन्यांच्या आत वापरा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं आणि पाणी तळाशी वेगळं होतं. डिझेल सहा महिने ते वर्षभर राहतं, पण टाकीत पाणी साचलं तर त्यात बुरशीसारखी वाढ होऊन फिल्टर तुंबतो, म्हणून तळातलं पाणी काढत राहा.

इंधनासाठी बनवलेले कॅनच वापरा, पाण्याचे नाहीत. भरताना कॅन जमिनीवर ठेवा आणि वर थोडी जागा सोडा, उष्णतेने इंधन फुगतं. प्रत्येक कॅनवर तारीख लिहा, जुना आधी संपवा. साठा घरात नको आणि बॅटरीच्या खोलीत तर मुळीच नको. चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी आणि इंधनाची वाफ एकत्र येता कामा नये.

## टप्पा १०: देखभाल

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी बदला. सौर घरात तास कमी भरतात, तेव्हा सहा महिने झाले की तास न पाहता बदला. एअर फिल्टर धुळीप्रमाणे. पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

महिन्यातून एकदा वीस-तीस मिनिटं निम्म्या भारावर चालवा. त्यासाठी मुद्दाम ढगाळ सकाळ निवडा, म्हणजे ते इंधनही बॅटरीत जातं. मोठा उन्हाळा समोर असेल आणि पेट्रोल जनरेटर दोन-तीन महिने लागणारच नसेल, तर इंधनाचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. ऐन पावसाळी रात्री सुरू न होणाऱ्या जनरेटरचा कार्ब्युरेटर उघडला की बहुतेकदा जुन्या पेट्रोलचा चिकट थरच सापडतो.

## टप्पा ११: नोंदवही

जनरेटरजवळ एक वही बांधून ठेवा. तारीख, सुरू करतानाची बॅटरीची पातळी, तास, लिटर, आभाळ कसं होतं. प्रत्येक वेळी एक ओळ.

तीन-चार महिन्यांनी पानं उलटून पाहा. एका तासाला लागणारं इंधन वाढत चाललं असेल तर फिल्टर, स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर तपासा. तास वाढले पण आभाळ मागच्यासारखंच असेल, तर दोष जनरेटरकडे शोधू नका. पॅनेल पुसा, वाढलेल्या झाडाची सावली सकाळी आणि दुपारी कुठवर येते ते पाहा, लेड-ॲसिड असेल तर भरणा पूर्ण झाल्यावर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) एकेक सेल तपासा. पाणी घालायच्या बॅटऱ्यांत सगळे सेल सारखे आणि एखादाच बराच खाली दिसला, तर तो एक सेल अख्ख्या बँकेला रोज उपाशी ठेवतोय आणि त्याची भरपाई तुमच्या इंधनाच्या कॅनमधून होतेय.